पळसपट्टी

तापकक्षातली पट्टी हिरवी झाली तेव्हा डॉ. वैजयंती मडावी चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला आणि आधी दिव्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेत काही भलतं घडलं की शास्त्रज्ञ पहिला दोष उपकरणाला देतो, सासूने सुनेला द्यावा तसा. पण कक्षाच्या छतातला कृत्रिम सूर्य नेहमीसारखाच तळपत होता. आत हवा बावन्न अंशांवर होती. खाणकामगाराच्या सदऱ्यावर शिवलेल्या त्या पट्टीने एव्हाना लालेलाल होऊन किरकिरायला हवं होतं. ती मात्र गप्प होती आणि हिरवीगार होती.

"शशांक, दिवा गेलाय का बघ जरा."

"दिवा गेला असता तर तुला पट्टी दिसली असती का?" शशांक देवपुजारी संगणकावरून मान न उचलता म्हणाला. पट्टीतलं विद्युतमंडल त्याचं आणि रंजकघट वैजयंतीचा, अशी त्या दोघांची वाटणी होती. तीन वर्षांपूर्वी ही पट्टी बाहेर पडली तेव्हा वर्तमानपत्रांनी दोघांचे फोटो छापले होते, आणि शशांकच्या आईने ते देवघरात लावले होते.

वैजयंतीने कक्षाचं दार उघडलं. आतली धग तोंडावर आली आणि बाहेरची गार हवा आत शिरली. पट्टीवरची टिकली हिरवी होती ती बघता बघता लाल झाली आणि रातकिड्यासारखी किरकिरू लागली.

"हं. चालतेय की," ती म्हणाली. तिने दार लावून घेतलं. कक्ष पुन्हा तापू लागला, पट्टी थोडा वेळ किरकिरली, मग तिचा आवाज बारीक झाला, गप्प झाली, आणि टिकली हिरवी झाली.

आता शशांक उठून आला. त्याने दुसरी पट्टी आत ठेवली, मग तिसरी. तिघींनी तोच तमाशा केला. गार हवा लागली की लाल, कडक तापलं की हिरवी.

त्याने कक्षाचा आकडा पुन्हा वाचला. बावन्नच होता.

चंद्रपुरात नवतपा सुरू होता. नवतपा म्हणजे ज्येष्ठातले ते नऊ दिवस, ज्यांत कावळासुद्धा दुपारी पंख फडकवत नाही. चंद्रपूरकरांना उन्हाचं कौतुक नाही, त्यांची हयात त्यात गेलेली असते. तरी पट्टी निघाल्यापासून पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेलेला नव्हता. आजचा अंदाज एक्कावन्नचा होता. सकाळपासून वैजयंतीला चैन पडेना, म्हणून तिने सहज, अगदी सहज, एक पट्टी तापकक्षात ठेवून पाहिली होती.

पट्टी साधी होती, आणि साधी होती म्हणूनच चालली होती. तिच्यात बॅटरी नव्हती, तापमापी नव्हती. बोटभर लांबीचा एक रंजकघट होता. काचेच्या दोन पातळ चकत्यांमध्ये टायटॅनियमची पांढरी भुकटी, तिच्यावर पळसाच्या फुलांपासून काढलेला केशरी रंग आणि वर वाहकद्राव. उजेड पडला की घट वीज देई, त्याच विजेवर टिकली रंग बदले, आणि त्या विजेच्या चढउतारावरूनच पट्टी ओळखे की अंगावरचं ऊन सोसण्याजोगं आहे की जीवघेणं. एकच घट पट्टीचं पोटही भरी आणि तिचा डोळाही होई. त्या केशरी रंगामुळे कामगारांनी तिला पळसपट्टी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

"मला पहिल्यापासून सांग," शशांक म्हणाला. "घट तापला की आत नेमकं काय होतं? मी मंडलवाला माणूस. तू खाणीतल्या लोकांना सांगतेस तसं सांग."

खाणीतल्या लोकांना ती मोटेची गोष्ट सांगायची. तिने तीच सांगितली.

"रंगाचा रेणू म्हणजे मोट. उजेड पडला की ती इलेक्ट्रॉन उपसते आणि भुकटीच्या पाटात ओतते. पाटातून ते तारेपर्यंत जातात. रिकामी झालेली मोट पुन्हा भरायचं काम द्रावाचं. द्राव गार असला की काकवीसारखा दाट असतो, मोट भरायला वेळ लागतो. तापला की पातळ होतो, मोटा भराभर भरतात. म्हणून घट तापेल तसा प्रवाह वाढतो."

"आणि विजेचा दाब उतरतो. माझं मंडल त्याच्यावरच तर चालतं. प्रवाह वर आणि दाब खाली, म्हणजे ताप. दोन्ही खाली, म्हणजे माणूस सावलीत गेला."

"हो."

"आत्ता आत दोन्ही खाली आहेत, वैजयंती. आणि सावली नाही."

"पाटाला उंदरांची बिळं असतात," ती हळू बोलली. "उपसलेल्या पाण्यातलं थोडं बिळांतून परत विहिरीत जातं. ताप बेताचा असेपर्यंत बिळं बारीक असतात, मोटांची घाई त्यांना पुरून उरते. ताप वाढला की बिळं रुंदावतात. एका ठिकाणी मोटा हरतात. तिथून पुढे जितका ताप जास्त तितकं तारेला पाणी कमी."

"म्हणजे प्रवाहाला शिखर आहे."

"असतंच. कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं."

"मग आपल्या आलेखात का नाही?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पट्टीची परीक्षा माणसाच्या अंगावर करायची होती, आणि माणूस आत असताना कक्ष अठ्ठेचाळीसच्या वर न्यायचा नाही असा नियम होता. नियम चांगलाच होता. चव्वेचाळीसला पट्टी लाल झाली, अठ्ठेचाळीसपर्यंत लालच राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढची रेघ वैजयंतीने फूटपट्टीने ओढली, सरळ. लाल म्हणजे शेवट. शेवटाच्या पुढे काय असतं हे बघायला कोण जातं? तिला घटातली बिळं माहीत होती, शशांकला मंडलातली सावलीची अट माहीत होती, आणि आपलं अर्धं ज्ञान दुसऱ्याच्या अर्ध्याशी जोडून बघावं असं तीन वर्षांत एकालाही वाटलं नव्हतं. राखणीला लावलेलं कुंपणच शेत खाणार होतं.

"आत्ता हिरापाटला किती असेल?" शशांकने विचारलं.

वैजयंतीने खिडकीबाहेर पाहिलं. दुपार भरत आली होती. तिचे भाऊजी हिरापाटच्या खाणीत होते.

लटारी नैताम तिच्या मोठ्या बहिणीचा, ताराताईचा, नवरा. आईबाप गेले तेव्हा वैजयंती सात वर्षांची होती. लटारीने तिला सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणली आणि "हे माझी मोठी लेक" असं सांगून शाळेत घातली. स्वतःला दोन मुलगे झाल्यावरही त्याने लेकीचा क्रम बदलला नाही. हिरापाटच्या खुल्या कोळसा खाणीत तो पाइपटोळीचा मुकादम होता. तिथली यंत्रं आपली आपण चालत, पण उन्हाळ्यात कोळसा स्वतःहून पेट घेतो आणि त्याच्यावर पाणी मारायचे पाइप जोडायला माणसंच लागतात. ऊन जितकं कडक तितकं त्यांचं काम जास्त. पट्टीच्या आधी त्या टोळीतली तीन माणसं उन्हाने गेली होती. कचेरीतला तापमापी कूलरच्या झोतात टांगलेला असे, त्यामुळे हिरापाटला कागदोपत्री कधी ऊन झालंच नाही. तिघांचंही हृदय बंद पडलं असं ठरलं. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

पहिली पट्टी लटारीने छातीवर लावली होती. लोक हसले, मुकादमाने मंगळसूत्र घातलं म्हणाले. महिन्याभराने तोच प्रयोगशाळेत येऊन बसला. "वैजू, तुझी पट्टी सावलीत बसलो तरी बोंबलत राह्यते. खोटं बोलणाऱ्याचं कोण ऐकते? सावलीत गप राहू दे तिले." सल्ला सोळा आणे खरा होता. शशांकने सावलीची अट घातली आणि पट्टीवर लोकांचा विश्वास बसला. मग संप झाला, करार झाला. टिकली हिरवी तर काम, लाल तर काम बंद आणि हजेरी पूर्ण. एक किरकिरली की तिच्या संदेशाने टोळीतल्या सगळ्या पट्ट्या किरकिरायच्या, आणि सूर न तुटता टिकला की काम थांबायचं. एकाची लाल ती साऱ्यांची लाल, ही अट लटारीची. आणि पाळी सुरू होताना सगळे मिळून जे म्हणायचे ते वैजयंतीने शिकवलेलं होतं. साहेबाचं ऐकायचं नाही, मुकादमाचं ऐकायचं नाही, डॉक्टरबाईचंही ऐकायचं नाही. टिकलीचं ऐकायचं.

ते वाक्य सुचलं तेव्हा तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

खाणीत सुरुंग असतात म्हणून कामगारांचे फोन फाटकावर जमा होतात. तिने सुरक्षा अधिकारी गजभियेंना फोन लावला.

"मॅडम, बोर्डावर सगळ्या हिरव्या आहेत," गजभिये म्हणाले. "सकाळी लाल झाल्या होत्या, मी लगेच काम थांबवलं. नंतर हिरव्या झाल्या. टोळी खाली गेलीय."

"त्या हिरव्या खोट्या आहेत. बाहेर ऊन किती आहे बघा ना!"

"ऊन तर आहेच. पण करारात उन्हाचा आकडा नाही, टिकलीचा रंग आहे. तुम्हीच आग्रह धरला होता. मला माझ्या मनाने काम सुरूही करता येत नाही आणि बंदही करता येत नाही. पट्टीला मान्यता देणाऱ्या तुमच्या समितीचं पत्र आणा, पाच मिनिटांत बंद करतो."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

समितीचे अध्यक्ष दिल्लीत होते आणि फोन उचलत नव्हते. वैजयंती आणि शशांक गाडीत बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं आणि चाकांना चिकटून चटचट वाजत होतं. वैजयंती मनातल्या मनात भाऊजींशी बोलायची वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्याला तिचं तिनेच शिकवलेलं उत्तर आडवं येत होतं.

फाटकावर शशांक गजभियेंच्या कचेरीकडे धावला. पहारेकऱ्याने फ्रीजमधली पाण्याची बाटली वैजयंतीच्या हातात दिली, "बाई, हे राहू द्या जवळ." टोळीतला मारोती निकोडे पाण्याची कॅन भरून घ्यायला वर आला होता. त्याच्या मालवाहू गाडीत बसून ती खाली निघाली.

खाण म्हणजे जमिनीत उतरत गेलेल्या काळ्या पायऱ्या, एकेक पायरी दोन मजले उंच. वाऱ्याची झुळूक नाही, आणि तापलेला कोळसा खालून धग फेकत होता. मारोतीचे डोळे तांबारले होते.

"तुम्हाला बरं वाटत नाही, मारोतीभाऊ."

"चक्कर येऊन राहिली जी सकाळपासून. पण हे पाहा ना," त्याने छातीकडे बोट केलं, "हिरवी आहे. म्हणजे उन्हाची नसन. रात्रीचं वांगं बाधलं असन."

पूर्वी या माणसांना डोकं गरगरलं की ऊन लागलं हे कळायचं. कांदा फोडायचे, सावली धरायचे. आता त्यांचं अंग काही सांगू लागलं की ते आधी टिकलीला विचारत होते. अंगाने सांगितलेलं खोटं पाडायला तिने त्यांच्या हाती एक खात्रीचा साक्षीदार दिला होता.

लटारी चौथ्या पायरीच्या काठावर उभा होता. त्याच्या खाली, पाचव्या पायरीवर, टोळी लांबवर पसरून पाइप जोडत होती. चाळीसेक माणसं होती. कोळशातून दोन ठिकाणी धूर निघत होता. वैजयंतीला पाहून तो हसला, पण हसू अर्ध्यात थांबलं.

"वैजू? तू कायले आली एवढ्या उन्हात? ताराले काही झालं का?"

"ताई बरी आहे. भाऊजी, सगळ्यांना वर घ्या. आत्ताच्या आत्ता. पट्टी चुकतेय."

त्याने मान खाली घालून छातीवर पाहिलं. "हिरवी आहे."

"हिरवी आहे म्हणूनच सांगतेय. ऊन फार झालं की ती उलटी फिरते. तुम्हाला मोटेची गोष्ट सांगितली होती ना, त्यातला पाटच फुटतो. तिला वाटतं तुम्ही सावलीत आहात."

"सकाळी लाल झाली तवा बसलोच होतो शेडमधी," तो म्हणाला. त्याची जीभ जड वाटत होती. "मंग गप झाली. खाली येताना जराशी कुरकुरली, अन् पुन्हा गप. सूर धरला असता तं मी एकालेही उतरू देल्लं नसतं."

वैजयंती त्याच्या सदऱ्याकडे बघत होती. सदरा कोरडा होता. काखेत, पाठीवर मिठाचे पांढरे वळ होते, पण घाम नव्हता. घाम थांबला की माणसाकडे किती वेळ उरतो हे तिला पाठ होतं, तिनेच त्याचे तक्ते केले होते.

"भाऊजी, तुमचा घाम थांबलाय. डोकं दुखतंय ना?"

"दुखते थोडं."

"मग माझं ऐका! मी बनवलीय ती पट्टी. मी सांगतेय ती खोटी आहे."

लटारी तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, माया होती, आणि तेच तिला सोसवेना.

"तू माझी लेक होय," तो म्हणाला. "तुझ्यावर माझा भरवसा आहे, पट्टीपेक्षाही जास्त. पण आज मी तुझ्या शब्दावर काम थांबवलं, तं उद्या साहेब त्याच्या शब्दावर चालू करन. म्हणन, मुकादमानं ऐकलंच होतं ना बाईचं, आता माझं ऐक. मंग संप कायले केला आपण? ते तीन माणसं कायले मेले? तुझं पत्र येऊ दे साहेबाकडून. तवर टिकली सांगन तसं."

तो बरोबर बोलत होता. त्याच्या बोलण्यात एकही फट नव्हती, कारण ते तिचंच बोलणं होतं.

"निदान पाणी तरी घ्या." तिने बाटली पुढे केली. बाटलीवर अजून दव होतं.

"आताच पेलो. तूच पी, तुले सवय नाही राह्यली उन्हाची."

तो वळला, खालच्या माणसांना काही सांगायला त्याने हात वर केला, आणि हात वर असतानाच गुडघ्यांतून खाली बसला. मग पाठीवर पडला.

मारोतीने हंबरडा फोडला. दोघांनी लटारीला ओढायचा प्रयत्न केला, पण गाडी वळणापलीकडे होती आणि मारोतीचेच पाय लटपटत होते. "पाणी घाला अंगावर, डोक्यावर, मानेवर!" वैजयंती ओरडली. मारोतीने कॅन उचलली आणि उलटी केली. सगळं पाणी एका दमात लटारीच्या डोक्यावरून, मानेवरून, छातीवरून वाहून गेलं.

त्याच्या छातीवरची टिकली लाल झाली.

लाल झाली आणि किरकिरू लागली. मारोतीची पट्टी तिला साथ देऊ लागली. मग खालून, पाचव्या पायरीवरून, एक, दुसरी, दहावी, आणि सगळी खाण रातकिड्यांनी भरून गेली. खालची माणसं ताठ उभी राहिली. कुणी पाना खाली ठेवला, कुणी मान वर करून मुकादमाला शोधू लागला.

काळ्या दगडावरचं पाणी डोळ्यांदेखत सुकत होतं. सदरा सुकला, पट्टी सुकली. किरकिर बारीक झाली आणि थांबली. टिकली हिरवी झाली. खालच्या माणसांनी थोडी वाट पाहिली. सूर धरला नव्हता. त्यांनी पाने पुन्हा उचलले.

वैजयंतीला तापकक्षाचं दार आठवलं. गार हवा लागली की लाल. प्रयोगशाळेत तिने ते तीनदा पाहिलं होतं. पट्टीला ताप ओळखता येण्यासाठी आधी तिचा ताप उतरवावा लागत होता. घट शिखराच्या अलीकडे आणला की तो पुन्हा खरं बोलत होता. आणि गार पाण्याची बाटली फाटकापासून तिच्या हातात होती. भाऊजी उभे होते, बोलत होते, तेव्हा त्यांच्या छातीवर त्या पाण्याची बारीक धार धरली असती, तर लाल टिकली बघून तेच शिट्टी फुंकत सगळ्यांना घेऊन वर गेले असते. वाद करायची गरजच नव्हती. ती शास्त्रज्ञ असून माणसाशी वाद घालत बसली, आणि ज्या टिकलीचं सगळे ऐकतात तिच्याशी बोलायचं तिला सुचलं नाही.

कॅन रिकामी होती, पाइपांत अजून पाणी सोडलेलं नव्हतं. खालच्या माणसांचं पाणी शेडमध्ये होतं, दीड मैलावर. उरली होती एक बाटली.

लटारीने डोळे उघडले. "पाणी," तो म्हणाला.

ऊन लागलेल्या माणसाच्या मानेवर, काखेत गार पाणी धरलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत तो तग धरू शकतो. शंभर टक्के नाही, पण धरू शकतो. हेही तिच्याच तक्त्यात होतं. फडकं ओलं करून त्याच्या छातीवर टाकलं तर दोन्ही साधेल असं क्षणभर वाटलं, पण फडक्याखाली सावली होते आणि सावलीत पट्टी हिरवी होते. पट्टीवर ऊन पडलेलं हवं, आणि उन्हातच ती गार ठेवायला हवी. एक बारीक धार, न तुटता, खालचा शेवटचा माणूस वर येईपर्यंत.

तिने झाकण काढलं.

"घाला बाई, तोंडात घाला त्यायच्या," मारोती म्हणाला.

तिने बाटली लटारीच्या छातीवर तिरपी केली. धार पट्टीवर पडली. टिकली लाल झाली, किरकिर सुरू झाली, खालून साथ आली. माणसं पुन्हा ताठ झाली. या वेळी सूर तुटला नाही. पहिल्यांदा टोकाचे दोघे निघाले, मग त्यांच्यामागे रांग लागली. पाने जिथल्या तिथे टाकून, शिकवल्याप्रमाणे, पळापळ न करता.

"बाई!" मारोती ओरडला. "पाणी मागून राह्यले ना ते! तोंडात घाला! तिथं कायले सांडून राहिल्या?"

तो बाटली हिसकायला आला. तिने त्याला खांद्याने ढकललं, तो पडला आणि पडल्या जागी रडू लागला. उठायचं त्राण त्याच्यात नव्हतं. लटारी तिच्याकडे बघत होता. त्याला किरकिर ऐकू येत होती का, आली असली तर कळली का, हे तिला पुढे कधीच कळणार नव्हतं. ज्याने तिला सायकलच्या दांडीवर बसवून आणलं त्याने तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ती ते त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर ओतत होती.

"पाणी, वैजू," तो म्हणाला.

रांग चढणीला लागली. ती धार बारीक करत गेली, अगदी दोऱ्याएवढी. कुणीतरी खाली वाकून पाना उचलायला थांबला तेव्हा तिने त्याला आईवरून शिवी दिली. आयुष्यात तिने कधी शिवी दिली नव्हती. शेवटचा माणूस वळणापलीकडे गेला तेव्हा बाटलीत तळाला थोडंसं उरलं होतं. ते तिने लटारीच्या ओठांवर धरलं. ते गालावरून ओघळून गेलं.

रुग्णवाहिका आली. तिच्यातून गजभिये आणि शशांक उतरले. गजभियेंनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"लाल आल्याबरोबर मी भोंगा दिला, मॅडम," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. "सगळे वर पोचले, सगळे शुद्धीवर आहेत. नैताममामांचं फार वाईट झालं. पण पट्टीने टोळी वाचवली. ऐन वेळी बोलली ती."

शशांकने वैजयंतीच्या हातातली बाटली पाहिली, लटारीचा ओला सदरा पाहिला, आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला सगळं कळलं होतं.

मारोती उठून बसला होता. तो कुणाकडेही न बघता बोलला, "पाणी मागत होते ते."

लटारीला उचलून गाडीत ठेवलं. वैजयंती त्याच्याजवळ बसली. ताराताईला काय सांगायचं याचा विचार तिला करता येईना, म्हणून ती पट्टीकडे बघत राहिली. गाडीचं दार बंद झालं. टिकली हिरवी झाली.

पट्टी बरोबर होती. आत सावली होती.